ध्रुवीयता आणि रेणूंमधली ओढ: अकरावीच्या प्रात्यक्षिक संचाच्या नोंदी

१८ जून २०२४

अकरावीचे प्रवेश अजून चालू आहेत, वर्ग भरायला वेळ आहे. तेवढ्यात प्रात्यक्षिक संचाचं काम हातात घेतलं. दुखणं जुनंच आहे. आपल्या पुस्तकात ध्रुवीयता, म्हणजे रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असणं, पाचव्या धड्यात येते, रासायनिक बंधाबरोबर. रेणूंमधली आकर्षणं येतात थेट दहाव्या धड्यात, द्रव्याच्या अवस्था शिकवताना. मधे चार धडे जातात. तोवर डायपोल मोमेंट (ध्रुवीयता किती, याचं माप) म्हणजे बाण काढायचा एक प्रकार एवढंच मुलांच्या डोक्यात उरतं, आणि उत्कलनांकाचा तक्ता समोर आला की ‘ध्रुवीय आहे म्हणून जास्त’ हे एकच उत्तर सगळीकडे चिकटवलं जातं. मार्कही मिळतात, हे त्यातलं वाईट.

संचात प्रत्येक प्रयोगाला एक कार्ड. साहित्य कपाटातलं किंवा बाजारात सहज मिळणारं. आणि प्रत्येक कार्डावर एक सक्तीचा रकाना: ‘हेच दुसऱ्या कशामुळे घडू शकेल का?’ तो रकाना मी आधी भरणार, मग वर्गात न्यायचं.

२१ जून

पहिलं कार्ड सगळ्यांना ठाऊक असलेलं. ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, पाण्याची बारीक धार सोडायची, केसांवर घासलेली प्लॅस्टिकची पट्टी जवळ न्यायची, धार वळते.

आज वळली नाही. बाहेर मुसळधार, भिंतींना ओल, पट्टी घासून हात दुखले तरी प्रभार टिकेना. कोकणात जूनमध्ये हा प्रयोग काढणं म्हणजे हौसच. प्रयोगशाळेतले मामा दारातून बघत होते. म्हणाले, “मॅडम, ह्यो डिसेंबरात काढा. आता नाय चालायचा.”

मग पट्टी सोडली आणि नळकामातला पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला. पाइप आणि लोकरीचा मफलर दोन्ही हेअर ड्रायरने चांगले शेकले आणि लगेच घासले. धार पाइपकडे स्पष्ट वळली. शेकल्यापासून मिनिटभरात उरकावं लागतं, नाहीतर प्रभार निघून जातो. दुसऱ्या ब्युरेटमध्ये रॉकेल भरून तेच केलं, धार सरळ. पुस्तकी निरीक्षण मिळालं: ध्रुवीय द्रव वळतो, अध्रुवीय वळत नाही.

आता रकाना भरायचा.

२७ जून

रकान्यापाशी अडकून बरं झालं. नेहमीचं स्पष्टीकरण असं: पाइप ऋणप्रभारित, म्हणून पाण्याचे रेणू हायड्रोजनची, म्हणजे किंचित धन असलेली बाजू पाइपकडे करून वळतात आणि ओढले जातात. ऐकायला छान. पण आकडे मांडून बघितले. पाण्याच्या रेणूचा डायपोल मोमेंट १.८५ डिबाय (डिबाय हे त्याचं एकक). पाइपजवळचं विद्युत क्षेत्र ढोबळमानाने मीटरला एक लाख व्होल्ट धरलं, तर रेणू पूर्ण वळल्याने जी ऊर्जा वाचते ती खोलीच्या तापमानाला चाललेल्या उष्ण धडपडीच्या ऊर्जेच्या सुमारे ६,७०० वा भाग भरते. म्हणजे रेणू रांगेत उभे राहतात हे चित्र फळ्यावरच. प्रत्यक्षात ते जवळपास पूर्वीइतकेच अस्ताव्यस्त असतात, एका बाजूला झुकाव अगदी नावापुरता. शिवाय क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर द्विध्रुवाच्या (अशा धन-ऋण टोकांच्या रेणूच्या) एका टोकाला जेवढी ओढ तेवढीच दुसऱ्या टोकाला ढकल. रेणू फिरेल, पण जागचा हलणार नाही. ओढ लागायला क्षेत्र असमान हवं.

मग धार एवढी वळते कशी? मुख्य कारण पाण्यातले आयन, म्हणजे विरघळलेले प्रभारित कण. नळाचं पाणी वीज वाहतं. ऋण पाइप तोटीजवळ आला की प्रवर्तनाने धन प्रभार धारेकडे सरकतो, ऋण मागे हटतो, आणि धार तुटून थेंब सुटतात तेव्हा तो धन प्रभार घेऊनच सुटतात. प्रभारित धार विरुद्ध प्रभाराकडे वळली, त्यात रेणूच्या ध्रुवीयतेचा संबंध फार थोडा. विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६७ मध्ये पडत्या थेंबांतून वीज साठवणारं यंत्र केलं ते याच तत्त्वावर.

पाइप धनप्रभारित असला तरी धार त्याच्याकडेच वळते, आणि ‘बघा, दोन्हींकडे वळते म्हणजे द्विध्रुवच’ असं आपण सांगतो. प्रवर्तनानेही नेमकं तेच घडतं. रॉकेल वळत नाही याचंही तसंच: ते अध्रुवीय आहे तसंच वीजही वाहत नाही. दोन्ही कारणं एकाच बाटलीत.

२ जुलै

नुसतं लिहून भागणार नाही, दाखवता आलं पाहिजे. विद्युतदर्शी, म्हणजे प्रभार आला की पानं फाकवून दाखवणारं साधन, बनवला: काचेची बरणी, झाकणातून तांब्याची तार, तारेभोवती मेणबत्तीचं मेण ओतलेलं, खाली चॉकलेटच्या चांदीची दोन पानं. वर तारेला छोटी पत्र्याची डबी जोडली. ब्युरेटच्या तोंडातून आत एक उघडी तार सोडली, तिचं टोक एका मुलीच्या हातात दिलं (दोन मुली प्रवेशाचे कागद द्यायला आल्या होत्या, त्यांना धरून ठेवलं). पाइप तोटीशेजारी धरला, पण पाण्याला लागू दिला नाही. थेंब डबीत पडायला लागले. थोड्या थेंबांत पानं फाकली. मग थेंब थांबवून तोच ऋण पाइप डबीजवळ आणला, पानं मिटायला लागली. म्हणजे डबीतला प्रभार धन.

तार हातातून सोडली की परिणाम मंदावतो, कारण ब्युरेटमध्ये मागे राहिलेल्या ऋण प्रभाराला जायला वाट राहत नाही. मुलीने स्वतःच सोडून-धरून बघितलं आणि विचारलं, “म्हणजे वीज माझ्यातून येते का?” तिच्यामार्फत जमिनीतून, असं सांगितलं. तिला ते फार आवडलेलं दिसलं नाही.

निर्णय: हे कार्ड संचात ठेवायचं, पण ‘ध्रुवीयतेचा पुरावा’ म्हणून नाही. शीर्षक बदललं: ‘धार का वळते? दोन स्पष्टीकरणं, एक कसोटी’. ध्रुवीयता दाखवायला दुसरं काहीतरी शोधायला हवं.

९ जुलै

मॉडेलचं काम. मातीचे गोळे आणि काड्या, नवीन काही नाही. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत म्हणून शून्य, पाणी वाकलेलं म्हणून १.८५. बोरॉन ट्रायफ्लोराइड सपाट, शून्य. हे पटकन होतं.

अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड या जोडीवर मात्र वेळ द्यायचा. दोन्ही पिरॅमिड, दोन्हींत नायट्रोजनवर एक एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेली, इलेक्ट्रॉनजोडी. फ्लोरिनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद) ३.९८, नायट्रोजनची ३.०४, हायड्रोजनची २.२०, म्हणजे बंध दोन्हीकडे चांगलेच ध्रुवीय. तरी अमोनिया १.४७ डिबाय आणि ट्रायफ्लोराइड जेमतेम ०.२३. अमोनियात बंधांचे बाण आणि एकाकी जोडीचा बाण एकाच दिशेला, ट्रायफ्लोराइडमध्ये समोरासमोर. पोरं हे पाठ करतात. काडीवर कागदी बाण अडकवून हातात दिलं की पाठ करायची गरज पडत नाही.

आणखी एक जोडी घातली, कारण ती ध्रुवीयता आणि उत्कलनांक यांना थेट जोडते: १,२-डायक्लोरोइथीनचे सिस (दोन्ही क्लोरिन एका बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना). अणू तेच, संख्या तीच, वस्तुमान तेच. सिसचा डायपोल मोमेंट १.९ च्या आसपास आणि तो उकळतो सुमारे ६० अंशांना. ट्रान्सचा शून्य, आणि तो ४८ ला. फरक बारा अंश. ध्रुवीयतेचा निव्वळ हिस्सा किती, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी जोडी माझ्या माहितीत दुसरी नाही. बाटली मात्र आणायची नाही, विषारी आहे. कार्डावर आकडे पुरेत.

१६ जुलै

उद्या आषाढी, सुट्टी. आज तक्त्यांवर बसले. एकच हेतू: ‘ध्रुवीय म्हणून जास्त’ हे उत्तर मोडायचं.

क्लोरोफॉर्म ध्रुवीय, साधारण १ डिबाय, उकळतो ६१ अंशांना. कार्बन टेट्राक्लोराइडचा डायपोल मोमेंट शून्य आणि उकळतो जवळपास ७७ ला. उत्तर उलटं पडलं. टेट्राक्लोराइडच्या रेणूत ७४ इलेक्ट्रॉन, क्लोरोफॉर्ममध्ये ५८. जास्त इलेक्ट्रॉन, जास्त पसरलेला ढग, तो क्षणभर एका बाजूला झुकण्याची शक्यता जास्त, आणि त्याच्या झुकण्याने शेजाऱ्याचा ढगही झुकतो. फ्रिट्झ लंडनने १९३० मध्ये क्वांटम यांत्रिकीतून हिशेब मांडलेलं बल ते हेच.

हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड: डायपोल मोमेंट साधारण १.१, ०.८, ०.४ असा उतरत जातो. उत्कलनांक उणे ८५, उणे ६७, उणे ३५ असे चढत जातात. सरळ विरुद्ध दिशा. हा तक्ता पुस्तकात आहेच, पण दोन वेगळ्या पानांवर. एका ओळीत लिहिला की वर्गात शांतता पसरते.

माझ्या आवडीचं त्रिकूट वेगळं आहे. रेणुवस्तुमान जवळपास सारखं ठेवा आणि मग बोला: ब्युटेन ५८, ॲसिटोन ५८, आयसोप्रोपिल अल्कोहोल ६०. ब्युटेन अध्रुवीय, उकळतो शून्याच्या किंचित खाली. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचा तो एक घटक. ॲसिटोनचा डायपोल मोमेंट २.८८, उकळतो ५६ ला. इथपर्यंत ध्रुवीयता जिंकली. अल्कोहोलचा डायपोल मोमेंट ॲसिटोनच्या निम्म्याहून थोडा जास्त, १.६६, आणि तरी ते ८२ च्या पुढे उकळतं. ॲसिटोनच्या ऑक्सिजनला शेजारच्या ॲसिटोनकडून पकडायला तसा हायड्रोजनच मिळत नाही. अल्कोहोलमध्ये ऑक्सिजनवर बसलेला हायड्रोजन आहे, तो शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला पकडतो. हाच हायड्रोजन बंध. तीन पदार्थ, तीन बलं, आणि त्यातल्या दोन बाटल्या कपाटात आहेत.

हायड्रोजन फ्लोराइड आणि पाणी हेही घ्यायचं. डायपोल मोमेंट दोघांचा जवळजवळ सारखा, पण एक १९.५ ला उकळतो, दुसरं १०० ला. पाण्याचा एक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध करू शकतो, दोन देऊन दोन घेऊन. फ्लोराइडकडे द्यायला हायड्रोजन एकच, म्हणून त्याची साखळी होते. पाण्याचं जाळं होतं.

लंडन बलाला मुलं ‘क्षीण’ म्हणून सोडून देतात, कारण पुस्तकात तसा शब्द आहे. त्या कार्डाच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटमागची पाल काढली. तिच्या बोटांवर सूक्ष्म केस, प्रत्येक केसाची टोकं शेकडो ठिकाणी फाटलेली, आणि प्रत्येक टोक भिंतीला व्हॅन डर वाल्स बलाने (लंडन बल त्याच कुटुंबातलं) चिकटतं, असा पुरावा केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडला. रकान्यात: हवेतला ओलावाही चिकटण्याला हातभार लावतो असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

२५ जुलै

पावसामुळे बसगाड्या बंद, वर्गात पाचदहा जण. बाष्पीभवनाचं कार्ड करून पाहिलं. थर्मामीटरच्या फुग्याला कापसाची पातळ पट्टी, त्यावर द्रव, आणि कागदाने वारा घालायचा. तीन थर्मामीटर: ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाणी. खिडक्या उघड्या, बर्नर बंद, याची आठवण कार्डावर मोठ्या अक्षरात.

ॲसिटोनचा पारा झपाट्याने दहाबारा अंश खाली गेला. अल्कोहोलचा त्याहून कमी, सावकाश. पाण्याचा जेमतेम अंशभर. एकाने लगेच निष्कर्ष काढला: पाणी सर्वांत कमी उष्णता घेतं. उलट आहे. एक मोल द्रवाची वाफ करायला पाण्याला ४४ किलोज्यूल लागतात, ॲसिटोनला ३१. पाणी जास्त मागतं, म्हणूनच कमी रेणू सुटतात. थर्मामीटर दाखवतो तो वेग, एका रेणूची किंमत नव्हे.

रकाना इथे सर्वांत महत्त्वाचा. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब (हवेत जास्तीत जास्त किती वाफ मावते त्याचं माप) पाऱ्याचे २४ मिलिमीटर. आजच्यासारख्या नव्वद टक्के दमट हवेत आधीच बावीसच्या आसपास वाफ आहे. बाष्पीभवनाला जागाच नाही. ॲसिटोनची वाफ खोलीत मुळात नव्हतीच, आणि त्याचा बाष्पदाब पाण्याच्या नऊदहापट. तेव्हा पाणी हरलं त्यात हायड्रोजन बंधाइतकाच वाटा रत्नागिरी जिल्ह्याच्या पावसाचा. सोलापूरला एप्रिलमध्ये हेच केलं तर पाण्याचा पाराही चांगला उतरेल. पाणी या कार्डातून काढलं. ॲसिटोन आणि अल्कोहोल ठेवले. दोघांचीही वाफ हवेत नसते, सामना बरोबरीचा.

३ ऑगस्ट

आयसोप्रोपिल अल्कोहोल संपलं होतं. मामांनी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बाटली आणली. तो सर्किट पुसायला हेच वापरतो, आणि बाटलीवर नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर लिहिलेलं असतं.

आधी साधा प्रयोग: ५० मिली पाणी, ५० मिली अल्कोहोल, एकत्र केल्यावर शंभरची रेघ गाठत नाही, दोनतीन मिली कमी भरतं. आपण सांगतो, परस्परांना ओढून जवळ बसले. पण हरभऱ्यात मोहरी ओतली तरी माप कमी भरतं, तिथे ओढ कसलीच नाही. लहान रेणू मोठ्यांच्या फटीत बसणं हेही कारण आहे. कार्डावर दोन्ही लिहिलं.

खरी मजा पुढची. अल्कोहोलमध्ये चिमूटभर हळद घोळून गाळली. पिवळंधमक द्रावण. ते तेवढ्याच पाण्यात मिसळलं, सगळं एकजीव पिवळं. आता मोठ्या परीक्षानळीत मीठ टाकत गेले, बूच लावून हलवत गेले. आधी गढूळ झालं. मग भिंतीवर तेलासारखे ओघळ दिसायला लागले. नळी स्टँडला लावून ठेवली, आणि वर पिवळा थर चढला, खाली फिकट पाणी, मधे धारदार सीमा. तळाशी न विरघळलेलं मीठ. स्वयंपाकाच्या मिठात गुठळी होऊ नये म्हणून जे घालतात त्याने खालचा थर थोडा धुरकट राहतो. कपाटातलं शुद्ध सोडियम क्लोराइड वापरलं की स्वच्छ.

सोडियम आणि क्लोराइड आयनांची पाण्यावरची ओढ अल्कोहोलच्या हायड्रोजन बंधांहून जबरदस्त. पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती गोळा होतात आणि अल्कोहोलला द्यायला मोकळं पाणी उरत नाही. अल्कोहोल बाहेर पडतं आणि पाण्यात न रुळणाऱ्या हळदीच्या रंगालाही बरोबर घेऊन जातं. आकर्षण असणं-नसणं हा प्रश्न नाही, कोणाचं कोणावर जास्त हा आहे, हे इथे डोळ्यांनी दिसतं. थर पुन्हा मिसळायला वरून पाणी ओतावं. मीठ पातळ झालं की सीमा पुसते.

रकाना: नुसतं घनतेने थर झाले असतील का? नाही, मीठ घालण्याआधी दोन्ही एकजीव होते आणि पाणी घातल्यावर पुन्हा होतात. बराच वेळ विचार करूनही दुसरं पटेल असं कारण सापडलं नाही. हेच संचातलं पहिलं कार्ड.

१२ ऑगस्ट

एका मुलीने परसातली अळूची पानं आणली. थेंब टाकला, तो चेंडूसारखा घरंगळला. पाठोपाठ अल्कोहोलचा थेंब टाकला, पसरून पान ओलं झालं. साबणाच्या पाण्याचा थेंबही बसला. वर्गाचं उत्तर तयार: पानावर मेण, मेण अध्रुवीय, पाणी ध्रुवीय, म्हणून नकार.

मग पानाचा एक भाग बोटाने चोळला आणि तिथे पाणी टाकलं. थेंब चपटा झाला, पान तिरपं केलं तरी चिकटून राहिला. मेण पूर्ण गेलेलं नव्हतं. मोडली होती ती त्याची सूक्ष्म खडबडीत रचना. गुळगुळीत मेणावर पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, जितका मोठा तितका थेंब गोल) साधारण ११० अंशांपर्यंत जातो, अशा पानांवर १५० च्या वर. पहिला भाग आकर्षणांचा, वरची मजल खडबडीतपणाची, खाली हवा अडकवून ठेवण्याची. रकाना मुलांनीच भरला, मी फक्त चोळायला सांगितलं.

२३ ऑगस्ट

संच पूर्ण वर्गात पहिल्यांदा. चार गट, प्रत्येकाला वेगळं कार्ड. धार-कार्डवाला गट सर्वांत गोंगाटाचा, कारण दोघांचा ठाम आग्रह की यूट्यूबवर द्विध्रुवच सांगितलंय. त्यांना विद्युतदर्शी दिला आणि दुसऱ्या गटाकडे गेले. परत आले तेव्हा वाद पानं कोणी फाकवायची यावर होता.

त्रिकूटाच्या कार्डावर एक प्रश्न चांगला आला: ॲसिटोनच्या ऑक्सिजनला स्वतःचा हायड्रोजन नाही, मग तो पाण्यात कसा मिसळतो? पाणी त्याला हायड्रोजन देतं म्हणून. घेणारा ॲसिटोन, देणारं पाणी. हा प्रश्न कार्डाच्या मागे छापायचा.

एक अडचण राहिली. ‘हायड्रोजन बंध’ म्हटलं की काहींना अजून पाण्याच्या रेणूच्या आतला बंध वाटतो. मॉडेलमध्ये आतल्या बंधाला काडी आणि रेणूंमधल्या ओढीला लोकरीचा धागा असा फरक करायचा ठरवलं. आतला बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल, रेणूंमधला हायड्रोजन बंध तोडायला वीसच्या आसपास. पाणी उकळताना धागे तुटतात, काड्या नाहीत.

३ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीआधी आवरायचं म्हणून कार्डं लॅमिनेट करून आणली. विद्युतदर्शीची पानं बदलली, मेणाची जागा साफ केली. पीव्हीसी पाइप आणि मफलर प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, डब्यावर ‘आधी शेका’.

घटक चाचणीचा प्रश्नही बदलला. ‘पाण्याचा उत्कलनांक जास्त का?’ काढून टाकला. त्याऐवजी: ‘क्लोरोफॉर्म ध्रुवीय असूनही कार्बन टेट्राक्लोराइडपेक्षा आधी उकळतो. कोणतं बल कोणावर भारी पडलं ते लिहा.’ तीन गुण. सिस-ट्रान्सचे आकडे शेजारी देऊन त्याचाच दुसरा भाग, दोन गुणांचा.

सुट्टीनंतर धाग्याचं मॉडेल. हळदीच्या नळीसाठी रबरी बुचं संपलीत, मामांच्या यादीत घातली.